बँड थांबत नसते

मास्तर, तुमचं बँडचं दुकान होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. मागच्या महिन्यात अकोल्याला आलो होतो, तेव्हा मी मुद्दाम आत शिरलो, उगाच एक कव्हर हातात घेतलं आणि वर पाहिलं. आपले लाल कोट टांगायचे हूक अजून छताला आहेत. खालून जाताना कोटांच्या बाह्या डोक्याला लागायच्या, आणि सगळ्या दुकानात घामाचा, घासलेल्या पितळेचा आणि मेथीचा वास असायचा. मेथीचा, कारण तुम्ही पहाटे मळ्यातल्या जुड्या बाजारात टाकून तसेच दुकानात यायचात आणि घरी न्यायची जुडी क्लॅरिनेटच्या पेटीवर ठेवायचात. तुमच्या बोटांच्या पेरांत काळी माती असायची आणि तीच बोटं क्लॅरिनेटच्या भोकांवर बसायची. दुकानदाराने विचारलं, "काका, कोणता मोबाइल हाये तुमच्यापाशी?" मी म्हणालो, "काही नाही, पाहून राहिलो." जन्मभर अमरावतीच्या शाळेत पोरांना 'शुद्ध बोला' म्हणून दटावत आलो, पण तुमच्या छताखाली उभं राहिलं की जीभ आपली मूळ जागा धरते. कव्हर परत ठेवलं आणि बाहेर पडलो.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. एका पोरीचं मी वाटोळं केलं. शब्द मोठा आहे हे मला कळतं. ती जिवंत आहे, धडधाकट आहे, बारावीला आहे. पण दुसरा शब्द मला सापडत नाही. आणि जे केलं ते तुमच्या पद्धतीने केलं, म्हणून तुम्हालाच लिहितो आहे. दोष तुमच्यावर ढकलावा असा हेतू नाही. थोडासा आहे, खोटं कशाला बोलू.

मुंबईचा एक वाद्यवृंद आहे. ऑर्केस्ट्रा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गणपतीच्या मांडवातले चमचमत्या कोटातले गायक येतील, तर तो नव्हे. हे लोक काळे कपडे घालून, बसून, समोर कागद ठेवून वाजवतात. ऐकणारेही बसूनच ऐकतात, कोणी नाचत नाही, कोणी शिट्टी मारत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मयत झाली का बावा इथं?" या लोकांनी शिक्षणाची एक शाखा काढली आहे. गावोगावच्या चौदा ते अठरा वर्षांच्या पोरांनी पाच मिनिटांची स्वतःची रचना करायची, दर शनिवारी एका स्थानिक मार्गदर्शकासोबत बसून ती घडवायची, आणि शेवटी वाद्यवृंदातले बारा वादक गाडीने येऊन ती खरोखर वाजवणार. अमरावतीला मार्गदर्शक म्हणून मला नेमलं. निवृत्त संगीत शिक्षक, क्लॅरिनेट वाजवणारा, आपली सरगम आणि त्यांची पाच रेघांवरची लिपी दोन्ही वाचणारा दुसरा कोणी त्यांना या भागात मिळाला नाही. वासरांत लंगडी गाय शहाणी. मी मात्र घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो होतो आणि कोट लाल असता तर बरं झालं असतं असं मला वाटून गेलं होतं.

सहा मुलं आली. पाच शहरातली, क्लासला जाणारी, कोणाकडे कीबोर्ड, कोणाकडे गिटार. सहावी चांदूर बाजारकडची, सोळा वर्षांची, अकरावीतली पोरगी. वडिलांचा फुलांचा मळा. शनिवारी ते झेंडू-शेवंतीचे क्रेट भरून छोट्या गाडीने अमरावतीच्या बाजाराला येत आणि आम्ही बसायचो त्या सभागृहाच्या फाटकाशी तिला उतरवून पुढे जात. ती यायची तेव्हा तिच्या ओढणीला झेंडूचा उग्र वास असायचा आणि मला दर वेळी तुमची मेथी आठवायची. गावच्या भजनी मंडळाच्या पेटीवर तिने बोटं बसवली होती, बाकीचं मोबाइलवर ऐकून ऐकून. अर्जात वडिलांचा धंदा लिहिला होता, आईच्या रकान्यात 'हयात नाही'. रचनेचं नाव लिहिलं होतं 'दुपार'. मी तो अर्ज वाचला होता, मास्तर. सही केली होती त्याखाली.

तिची रचना अशी होती. सगळी व्हायोलिनं एकदम एक लांब ओढ घेतात, हळूच खाली सोडतात, आणि सगळं थांबतं. कागदावर तिथे एक वर्तुळ आणि वर्तुळात आकडा. मग पुन्हा ओढ, पुन्हा सोडणं, पुन्हा वर्तुळ. मध्येच बासरी एक चाल धरते, हार गुंफताना बायका मनाशी गुणगुणतात तशी साधी, पण ती षड्जावर परत येण्याच्या आत तुटते. दर वेळी तुटते. वर्तुळांतले आकडे होते सात, नऊ, सहा, अकरा, चौदा, नऊ, बावीस. शेवटचं वर्तुळ रिकामं, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: 'वाट पाहा'.

"हे आकडे कशाचे?" मी विचारलं.

"रिकामी जागा हाये, सर. तेवढं कोणीच वाजवाचं नाही."

"मग सारख्या मात्रांची ठेव. आठ-आठ कर. असं सात-नऊ-सहा तालात कसं बसेल?"

"त्याले बसाचं नाही तालात."

"काहून नाही बसाचं?"

तिने एका वर्तुळावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मोजलेले हायेत, सर, ते. घड्याळ पाहून मोजले."

मी हसलो. बाकीची पाच पोरं बघत होती आणि मला एक चमकदार वाक्य सुचलं होतं. मी म्हणालो, "संगीत घड्याळावर चालत नसतं, बाई. तुले मोजता येत नाही, तेच तर मी सांगून राहिलो." एक पोरगी खुदकन हसली. मी या फुलवाल्याच्या पोरीला उभं करून हाताने आठ मात्रा मोजायला लावल्या, टाळी देऊन, दोनदा. तिने बरोबर मोजल्या. तरी माझ्या डोक्यात शिरलं नाही की जिला आठ बरोबर मोजता येतात तिला सातही येत असतील.

कारण माझ्या डोक्यात तुम्ही होता. "रिकामी जागा दिसली का भरजो, लेका. लोकाइले जागा दिसली का ते इचार कराले लागतात." वरात वळणावर अडकली, जनरेटर बंद पडला, गाणाऱ्याला कडवं आठवेना, की आपला ढोल आणि तुमचं क्लॅरिनेट त्या फटीत शिरायचं. कोणी पोरगं चुकलं की तुम्ही त्याच्या वरून जोरात फुंकायचात, चूक खाली दबून जायची, आणि त्याला कोणी हसायचं नाही. असं प्रेम मी दुसऱ्या कोणाचं पाहिलं नाही. पंधरा वर्षांचा असताना मी वरातीसाठी एक चाल बांधली होती. ती मध्येच दोनदा थांबायची, जिना चढताना माणूस थांबतो तशी. तुम्ही वही घेतलीत, शर्टाच्या खिशातली लाल-निळी पेन्सिल काढलीत, लाल टोकाने चुका, निळ्याने भरती, आणि पाच मिनिटांत ती चाल धावायला लागली. पूर्ण लग्नसराई आपण ती चाल वाजवली. लोक नाचले. मी सगळ्यांना सांगत फिरलो की माझी चाल आहे. आज ती आठवायला बसलो तर तुमचं निळंच आठवतं. खाली माझं काय होतं ते गेलं ते गेलंच. त्या वेळी मी तुम्हाला विचारलंही होतं की शिसपेन्सिल का वापरत नाही. तुम्ही म्हणालात, "हे खोडता येत नाही, म्हणूनच तं."

आणि बार्शीटाकळीचं लग्न. मे महिना, भर दुपारची वरात. नवरदेवाचे मोठे काका आपल्यापुढे फेट्यासकट नाचत होते, आणि नाचता नाचता खाली बसावं तसे बसले आणि आडवे झाले. माझी फुंक थांबली. माझं पाहून ढोल थांबला. तुम्ही एकटे वाजवत राहिलात, आमच्याकडे नुसतं पाहिलंत, आणि आम्ही पुन्हा सुरू झालो. चार जणांनी त्यांना उचलून ऑटोत घातलं. ते अकोल्याला पोचण्याआधीच गेले. घरच्यांना अक्षता पडल्यावर सांगितलं. मांडवामागे पाण्याच्या ड्रमापाशी तुम्ही माझा कान धरलात. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, कानही तो एकदाच.

"थांबला काहून?"

"मास्तर, माणूस पडला."

"पडला तं उचलाले चार जण होते. तुह्या हातात काय होतं? क्लारनेट होतं. बँड थांबत नसते. तू थांबला तवा अंदर नवरीले समजलं का काहीतरी झालं."

संध्याकाळी नवरदेवाचे वडील आले. सख्खा भाऊ गेलेला माणूस, तुमच्यापुढे हात जोडून म्हणाला, "तुमच्यामुळं लगन पार पडलं, मास्तर." तुमच्या ताटातली जिलबी उचलून माझ्या ताटात ठेवलीत. मी ती खाल्ली आणि तो धडा माझ्या हाडात उतरला. पुढे मला अमरावतीच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा तुम्ही एक नवी कोरी लाल-निळी पेन्सिल माझ्या खिशात खोचलीत. ती संपल्यावर मी दुसरी घेतली, मग तिसरी. आयुष्यभर माझ्या खिशात ती असते, तुमच्यासारखी.

तर मी ती पेन्सिल काढली. कार्यक्रम दसऱ्याच्या दोन दिवस आधी ठरला होता. दसरा तोंडावर म्हणजे झेंडूवाल्यांचं वर्षाचं पीक. ती तीन शनिवार आलीच नाही. तिने फोन केला, "सर, फुलांचा तोडा चालू हाये, बाबा एकटे पडतात. माही वही तुमच्यापाशीच राहू द्या. जसं हाये तसंच पाठवा." मुंबईला स्वच्छ प्रत पाठवायची होती, तिथे कोणी संगणकावर त्यांच्या लिपीत उतरवणार होतं. मला भीती वाटायला लागली. कल्पना करा, मुंबईचे बारा वादक, भरलेलं सभागृह, आणि मंचावर बावीस मोजेपर्यंत सगळे गप्प. लोक खोकणार, कुजबुजणार, कोणीतरी संपलं समजून टाळ्या वाजवणार, आणि खेड्यातली ती पोरगी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसणार. मी तिला वाचवत होतो. अगदी मनापासून सांगतो, मी तिला वाचवत होतो. एका रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो. वहीला हात लावला नाही, तिची झेरॉक्स काढून घेतली आणि निळ्या टोकाने सुरुवात केली. सात, नऊ, सहा, सगळे आठ केले. जागांमध्ये आधी तबला घातला, बारांत एक तबलजी येणार होताच, मग क्लॅरिनेट. बासरीची चाल तुटत होती तिथून पुढे नेली आणि षड्जावर आणून सोडली. शेवटच्या रिकाम्या वर्तुळात बाराही वाद्यांचा एक लांब, भरदार सा. दुपारी दोनपर्यंत संपवलं, त्याचीच स्वच्छ प्रत काढून मुंबईला धाडायला ठेवली. जेवलो आणि छान झोप लागली.

कार्यक्रमाच्या सकाळच्या तालमीला ती येऊ शकली नाही. दुपारी आली, वडिलांबरोबर, बोटं झेंडूने पिवळी. वडील इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते आणि खुर्चीच्या काठावर बसले होते, दवाखान्यात बसतात तसे. मी तिची वही तिला परत दिली आणि शेजारीच बसलो. पहिली ओढ आली. खाली आली. तिचे ओठ हलले, ती मोजायला लागली होती. तिसऱ्या आकड्याला तबला आला. तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता मास्तर, रागावली असती तर मी समजावलं असतं. तिने असं पाहिलं की हे काय चाललंय ते मला माहीत असणार आणि मी ते आता थांबवीन. मी तिच्या हातावर थोपटलं. मग तिने परत पाहिलं नाही. शेवटचा सा आला आणि सभागृह उठलं. वाद्यवृंदाच्या संचालक बाई माइकवर म्हणाल्या की मधला भाग इतका परिपक्व आहे, सोळा वर्षांच्या मुलीला हे सुचावं याचं नवल वाटतं. मधला भाग सगळा माझा होता.

बाहेर फाटकाशी तिचे वडील माझ्याजवळ आले. दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"बरं झालं, सर. मले लय भेव वाटून राहिलं होतं."

"कशाचं?"

"पोरगी म्हणे का हे तिच्या मायच्या शेवटच्या दुपारचं हाये. म्हणे, बाबा, तुमी या, पण रडू नका. दवाखान्यात नर्सनं तिले सांगतलं होतं ना, घड्याळ पाहून श्वास मोज म्हणून. दोन श्वासाच्या मधात वीसच्या वर गेलं का आवाज दे म्हणे. मी औषधाले गेलो होतो. पोट्टी एकटीच मोजत बसली होती." त्यांनी हात सोडला. "मले वाटलं आता ते सगळं परत ऐका लागते. पण हे तं मस्त होतं. रडू नाही आलं. उपकार झाले, सर."

ती गाडीत पुढे बसली होती, वही मांडीवर. तिने सगळं ऐकलं असणार. मी तिथे उभा होतो आणि मला बार्शीटाकळीचा तो हात जोडलेला माणूस दिसत होता. तुमचं काही चुकलं नव्हतं, मास्तर. माझंही चुकलं नाही असंच तिच्या वडिलांनी मला सांगितलं होतं, तोंडावर सांगितलं होतं. रडायला आलेल्या माणसाला मी न रडता घरी पाठवलं. पण ती चाल त्या माणसाला न रडवण्यासाठी बांधलेली नव्हती. त्या पोरीला ती दुपार कुठेतरी ठेवायची होती, मोजून, जशीच्या तशी, बारा माणसांच्या आणि भरल्या सभागृहाच्या स्वाधीन करायची होती, म्हणजे निदान पाच मिनिटं ती एकटी मोजत बसली नसती. मी तिला सांगितलं होतं की तुला मोजता येत नाही.

पंधरा दिवसांनी मुंबईहून पत्र आलं, तिची निवड झाली, सात दिवसांचं शिबिर, मोठ्या वाद्यवृंदाबरोबर. तिने नाही म्हणून कळवलं. मी रिद्धपूरच्या फाट्यावरून रिक्षा करून तिच्या गावी गेलो. ती ओसरीत शेवंती निवडत होती, चांगली एका टोपलीत, मार लागलेली दुसरीत. पाणी दिलं, चहा केला, सर म्हणाली, सगळं रीतसर. मी माफी मागितली. मला ती नीट मागता आली नाही. मी फार बोललो, वादक, सभागृह, लोकांचा स्वभाव, तुमचं नावसुद्धा काढलं. ती फुलं निवडत राहिली.

"जाऊ द्या, सर. मुंबईले तुमी जा. ते तुमचंच हाये."

"आपण परत लिहू. जसं होतं तसं. मी त्यांना कळवतो."

"नको." मग, माझ्याकडे न पाहता, "तुमाले शेवटचा आकडा मी सांगतलाच नव्हता. तिथं आकडा काहून नाही, माहीत हाये? बावीस झाले, मग एक श्वास आला, अन् मी पळाली नर्सले बोलवाले. परत आली तं माय गेली होती. तो शेवटचा किती होता ते मले माहीतच नाही. मले वाटलं होतं, सगळेजण चूप बसले अन् वाट पाह्यली, तं समजन." तिने एक फूल उचललं, पाहिलं, मार लागलेल्यांत टाकलं. "तुमी तिथं सा ठेवला."

ती आता काही बांधत नाही. भजनी मंडळाच्या पेटीवरही बसत नाही, वडिलांनी फोनवर सांगितलं. त्यांना कारण कळत नाही, ते म्हणतात अभ्यास वाढला. मी त्यांना कारण सांगितलेलं नाही. मुंबईलाही कळवलेलं नाही. त्यांच्या कागदांत ती रचना अजून तिच्याच नावावर आहे, परिपक्व मधल्या भागासकट. माझ्याकडे ती झेरॉक्स आहे. मी खोडरबर चालवून पाहिलं, पावाचा तुकडा ओला करून चोळून पाहिला. निळं फिकट होतं, जात नाही. तुम्ही सांगितलंच होतं.

आणि एक गोष्ट, जी मी तिच्या ओसरीवरून परतताना रिक्षात पहिल्यांदा धड आठवू दिली. तुमची दुपार. अकोल्याचा दवाखाना, तुमचा मुलगा औषध आणायला खाली गेला होता आणि मी स्टुलावर बसून तुमचा हात धरला होता. तुमच्या श्वासांत फटी पडायला लागल्या होत्या. मला ते ऐकवेना. मी बोलायला लागलो. लग्नसराई कशी आहे, नवी पोरं कशी बेसूर वाजवतात, क्लॅरिनेटच्या तोंडाशी लागणारी पत्ती कशी मिळेनाशी झाली, डीजेने धंदा कसा बसवला. एक श्वास संपला की मी पुढचं वाक्य सुरू करायचो, फट दिसूच नये इतक्या लगबगीने. तुमचा मुलगा परत आला, दारात थांबला आणि म्हणाला, "भौ, चूप बसा." मी चूप बसलो तेव्हा कळलं की खोलीत आता कोणाचाच आवाज नाही. तुम्ही कधी गेलात ते मला माहीत नाही. मी तेव्हा पत्तीबद्दल बोलत होतो. तिलाही शेवटचा आकडा माहीत नाही, पण ती मदत आणायला धावली होती, आणि तिने परत येऊन त्या जागेवर निदान एक वर्तुळ काढलं. माझ्या वहीत तुमच्यासाठी तसं काहीच नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार? दुकानाच्या पत्त्यावर टाकलं तर कव्हरवाला उघडेल. तुमचा मुलगा पुण्याला असतो, त्याला कशाला. तिला वाचायला द्यावं असं परवा मनात आलं होतं, पण ते म्हणजे पुन्हा माझंच बोलणं झालं. राहू दे पेटीत, क्लॅरिनेटखाली.

दोन गोष्टी कबूल करतो आणि थांबतो. सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं ना, तेव्हा तिचा हात माझ्या हाताखाली गार पडला होता, हे मला कळत होतं, आणि तरीही मला आनंद झाला होता. म्हटलं, शेवटी माझी एक चाल वाजली, माझी, पूर्ण.

दुसरी गोष्ट आजची. सकाळी घरात कोणी नव्हतं. मी क्लॅरिनेट काढलं, झेरॉक्स उजेडात धरली आणि निळ्याखालचं तिचं वाचत वाजवायला बसलो. ओढ घेतली, सोडली, सात मोजले. नऊ मोजले. सहा, अकरा, चौदा, नऊ. मग बावीसची जागा आली. पंखाही बंद होता. मी सोळावर फुंकलं, मास्तर. ऐकणारं कोणी नव्हतं, तरी फुंकलं. त्या शेवटच्या वर्तुळापर्यंत मी पोचलोच नाही.